पिसू समोरच होती

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसं पटापट मरू लागली. आधी सणसणून ताप, मग जांघेत नाहीतर काखेत गाठ, आणि चार-सहा दिवसांत खेळ आटोपलेला. मांडवीत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी २३ सप्टेंबरला हा गाठीचा प्लेग असल्याचं निदान केलं. शहर हादरलं. पुढच्या चार-पाच महिन्यांत आठेक लाखांच्या मुंबईतली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून निघून गेली.

या प्रकरणाचा विषय प्लेग नाही, पॅराडाइम आहे. पण व्याख्या नंतर करू. आधी मुंबई महापालिकेनं त्या वर्षी काय केलं ते पाहू. पॅराडाइम माणसांच्या बोलण्यात क्वचित सापडतो, त्यांच्या कामात मात्र तो स्वच्छ दिसतो.

महापालिकेनं गटारं धुतली. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांचे लोट रोज गटारांतून सोडले. भिंतींना चुना फासला, अंधाऱ्या खोल्यांवरची कौलं काढून ऊन आत घेतलं, रोग्यांचे कपडे आणि अंथरुणं जाळली. जी खोली फारच कोंदट, तिच्यावर ‘माणसाच्या वस्तीला अयोग्य’ अशा अर्थाची यू.एच.एच. ही अक्षरं रंगवली. पैसा ओतला, मेहनत तर अफाट घेतली. प्लेग मात्र हटला नाही.

विशेष असं, की प्लेगचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता आणि मुंबईतल्या डॉक्टरांना ते ठाऊक होतं. सरकारनं जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना मुंबईत बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी मेलेल्या जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. म्हणजे एका खोलीत जंतुशास्त्र चालू होतं आणि बाहेर रस्त्यावर त्याच सरकारची माणसं दुर्गंधीशी लढत होती.

ही माणसं मूर्ख नव्हती, आणि हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्यांच्या पाठीशी गेल्या पन्नास वर्षांतलं एक मोठं यश उभं होतं. लंडनमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ साली अहवाल लिहिला, की कुजणाऱ्या घाणीतून उठणारी दूषित हवा रोग पसरवते. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी घाण सुटली की पार्लमेंटमध्ये बसवेना. मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरनं शहराखाली गटारांचं प्रचंड जाळं बांधलं, आणि लंडनमधली पटकीची साथ कायमची गेली. आज आपल्याला माहीत आहे, की पटकी वासातून पसरत नव्हती, पाण्यातून पसरत होती. गटारांनी मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर नेला म्हणून ती गेली. कारण चुकीचं, यश मात्र अस्सल. अशा यशावर पोसलेला आरोग्य अधिकारी मुंबईत आल्यावर दुसरं काय करणार? जंतूची बातमी आली तेव्हा त्यानं ती नाकारली नाही. ‘जंतू आहे ना? मग तो घाणीतच वाढत असणार’ असं म्हणून त्यानं जंतूला जुन्या विचारात जागा करून दिली आणि पुन्हा कार्बोलिक मागवलं.

पुण्यातही तेच, फक्त जास्त निर्दयपणे. तिथे रोग माणसाबरोबर आणि सामानाबरोबर फिरतो असं धरून घराघरांत शिरून रोगी शोधले गेले, चीजवस्तू बाहेर काढून जाळली गेली. त्यातून उसळलेला संताप २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्यांतून बाहेर पडला, हे शाळेच्या इतिहासात आपण सगळेच शिकलो. ज्या समजुतीपायी ती घरं तपासली गेली ती समजूतच अपुरी होती, एवढं मात्र धड्यात नसतं.

उंदीर मरतात आणि मग माणसं मरतात, हे लोकांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ‘उंदीर पडायला लागले’ की गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं, हा महाराष्ट्रातल्या गावोगावचा रिवाजच पडून गेला. वैद्यक जाणणाऱ्यांनाही उंदीर दिसत होते. पण घाण जशी माणसाला बाधते तशी उंदरालाही बाधते, उंदीर जमिनीच्या जवळ असतो म्हणून आधी मरतो, असा त्याचा अर्थ लावला जाई. उंदीर हा रोगाचा एक बळी होता. तो रोगाचा मार्ग असेल हा प्रश्नच या विचारात बसत नव्हता.

तो प्रश्न पॉल-लुई सिमॉं या फ्रेंच डॉक्टरला पडला. येर्सिन यांच्यानंतर पाश्चर इन्स्टिट्यूटनं त्यांना हिंदुस्थानात पाठवलं होतं. काही रोग्यांच्या अंगावर त्यांना बारीकसा फोड दिसे, आणि त्या फोडात प्लेगचे जंतू सापडत. किडा चावल्याची ही खूण असेल का? जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एका काचेच्या भांड्यात प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला. तो मरायला टेकला तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यातला एक निरोगी उंदीर त्याच भांड्यात सोडला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण जाळीतून पिसू उडी मारू शकेल अशी ही व्यवस्था होती. काही दिवसांत दुसरा उंदीर प्लेगनं मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेल्या उंदरांना काहीच झालं नाही.

हे त्याच वर्षी छापून आलं आणि जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकलं. हिंदुस्थान सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननं तर रक्त शोषणारे कीटक या संदर्भात विचारात घेण्याचं कारण नाही असाच निष्कर्ष काढला. सिमॉंचे प्रयोग थोडे होते, त्यांत उणिवाही होत्या, हे खरं. पण उणिवा असलेला प्रयोग पुन्हा करून पाहता येतो, आणि तो करण्याची निकड पुढची काही वर्षं फार थोड्यांना वाटली. मुंबईत ती वाटली डॉ. ग्लेन लिस्टन यांना. इथल्या गिनीपिगांमध्ये प्लेग शिरला तेव्हा त्यांच्या अंगावर त्यांना उंदरावरच्या पिसवा सापडल्या. उंदीर मेले, उपाशी पिसवा दुसरं अंग शोधत निघाल्या, एवढा साधा हिशेब होता.

१९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, नव्या आयोगानं हा हिशेब कसून तपासला. प्लेगच्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. एक जमिनीला जवळजवळ टेकलेला, एक पिसवेची उडी पोचणार नाही इतका उंच. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरला. खालचे गिनीपिग मेले. वरचे आणि चिकट कागदाआडचे वाचले, आणि कागदावर पिसवा चिकटलेल्या सापडल्या. हवा तीच, घाण तीच, जमीन तीच. वाद संपला. तोवर देशभरात लाखो माणसं गेली होती, आणि साथ सुरू झाल्यापासूनच्या पंचवीसेक वर्षांत हा आकडा एक कोटीच्या वर गेला. गटारं धुण्याच्या मोहिमेनं तिथले उंदीर उलट घरांकडे पळाले असावेत, असंही पुढच्या अभ्यासकांनी म्हटलं आहे.

हातचं राखू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. कोंदट हवा हेच मूळ दुखणं आहे असं मानून १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून त्यानं प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते वस्ती चिरून काढले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती आखल्या. प्लेगवर या वाऱ्याचा काही उपयोग नव्हता. पण मुंबईकर आजही त्या रस्त्यांवरून जातो आणि त्या वसाहतींतल्या झाडांखालून फिरतो. चुकीच्या पॅराडाइमनं केलेलं सगळंच काम वाया जातं असं नाही.

आता व्याख्येकडे. हा शब्द आजच्या अर्थानं रुजवला थॉमस कून यांनी. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १९२२ साली जन्मलेले कून शिकले हार्वर्डमध्ये, तेही भौतिकशास्त्र. विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि त्यासाठी १९४७ साली त्यांनी ॲरिस्टॉटलचं भौतिकशास्त्र वाचायला घेतलं. आधी ते त्यांना निव्वळ चुकांचं गाठोडं वाटलं. तर्कशास्त्रात इतका तल्लख माणूस गतीबद्दल इतकं भलतंसलतं कसं लिहितो? मग एकदम उलगडा झाला. ॲरिस्टॉटलसाठी गती म्हणजे केवळ दगड इथून तिथे जाणं नव्हतं. बीचा वृक्ष होणं, आजाऱ्याचं बरं होणं हीसुद्धा गतीच होती. तो न्यूटनच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देत नव्हता. त्याचा प्रश्नच निराळा होता.

पुढे १९५८-५९ मध्ये कून स्टॅनफर्डजवळच्या एका संस्थेत वर्षभर समाजशास्त्रज्ञांच्या सहवासात राहिले. आपल्या विषयात मुळात प्रश्न कोणते आणि पद्धती कोणत्या यावरच ही मंडळी भांडतात, हे पाहून ते चकित झाले. भौतिकशास्त्रज्ञ असं भांडत नाहीत. का? त्यांच्याजवळ असं काय आहे की मुळाबद्दल बोलायची गरजच पडत नाही? याचं उत्तर शोधताना त्यांना पॅराडाइमची कल्पना सुचली. १९६२ साली शिकागो विद्यापीठानं त्यांचं ‘वैज्ञानिक क्रांतींची संरचना’ या अर्थाचं पुस्तक काढलं आणि विसाव्या शतकात विज्ञानाबद्दल सर्वाधिक चर्चा झालेल्या पुस्तकांत ते जाऊन बसलं.

पुस्तकाचा गाभा थोडक्यात असा. एखादं शास्त्र वयात येतं तेव्हा त्यातल्या सगळ्यांना मान्य असं एखादं मोठं यश त्याच्या हाती असतं. त्या यशाच्या नमुन्यावर पुढची पिढी काम करते, उरलेली कोडी सोडवते. हे नेहमीचं विज्ञान. काही कोडी सुटत नाहीत. त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष होतं, आणि ते शहाणपणाचंही असतं, कारण प्रत्येक अडचणीपाशी थांबलं तर कामच होणार नाही. पण न सुटणारी कोडी साठत गेली की बेचैनी येते, जुन्या पायावरच शंका सुरू होतात, आणि कुणीतरी वेगळा नमुना पुढे ठेवतो. मग शास्त्र त्या नमुन्याभोवती नव्यानं मांडलं जातं.

या पुस्तकात खुद्द पॅराडाइम हा शब्दच फार सैल वापरला आहे. मार्गारेट मास्टरमन या ब्रिटिश विदुषींनी तो एकवीस निरनिराळ्या अर्थांनी आलाय असं मोजून दाखवलं. कून यांनी ते मनावर घेतलं. १९६९ साली लिहिलेल्या उपसंहारात त्यांनी दोन अर्थ वेगळे काढले. एक व्यापक: एखाद्या शास्त्रातल्या लोकांचे सामाईक नियम, मूल्यं, समजुती यांचा सगळा संच. दुसरा नेमका: सोडवून दाखवलेलं उदाहरण. जगानं पहिला अर्थ उचलला. कून यांना स्वतःला दुसरा अधिक खोल वाटत होता, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे.

सोडवून दाखवलेलं उदाहरण म्हणजे काय ते संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला न सांगता कळेल. ‘देव’ शब्द चालवायचा: देवः देवौ देवाः. एकदा तो पाठ झाला की राम, बालक, वृक्ष हे शब्द त्याच वाटेनं आपोआप चालतात. नियम कुणी सांगितलेला नसतो, नमुना दिलेला असतो. व्याकरणात पॅराडाइमचा मूळ अर्थ हाच आहे, आणि कून यांनी लॅटिनमधलं असंच पाठांतर डोळ्यांसमोर ठेवून तो शब्द घेतला. भौतिकशास्त्राचा विद्यार्थीही असाच तयार होतो. उतारावरून घरंगळणारा गोळा एकदा गणितात बसवायला शिकला की झुलणारा लंबक त्याला ‘तसाच’ दिसू लागतो. हे ‘तसंच’ दिसणं पुस्तकातल्या सूत्रात नसतं. शेकडो गणितं सोडवून ते नजरेत भिनतं. मुंबईचा आरोग्य अधिकारी लंडनची पटकी असाच चालवायला शिकला होता. प्लेग त्याला ‘तसाच’ दिसला.

व्याकरणातही नमुना डोळ्यांवर कसा येतो ते आपल्या मराठीत पाहा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. संस्कृतातल्या विभक्तींचा तक्ता मराठीच्या शालेय व्याकरणात असा पक्का बसला, की आजही मुलं द्वितीयेचे प्रत्यय ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीचे प्रत्ययही ‘स, ला, ते’ म्हणून घोकतात. रूप एकच, मग विभक्ती दोन कशाला? एखाद्या चौकस पोरानं विचारलंच तर ‘अर्थ वेगळा आहे’ असं उत्तर मिळतं. पण अर्थावरच मोजायचं तर विभक्ती आठवर का थांबाव्यात? आणि ‘हून’ प्रत्यय ठरतो तर ‘पासून’ का नाही? संस्कृतच्या साच्यातून मराठीला सोडवायचे प्रयत्न अभ्यासकांनी केले आहेत. शाळेतला तक्ता मात्र जागचा हललेला नाही, कारण प्रश्नपत्रिका त्या तक्त्यावर निघतात.

बाकीच्या क्षेत्रांत या शब्दाचे संसार वेगवेगळे आहेत. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत पॅराडाइम म्हणजे प्रयोगाची ठरलेली मांडणी: निळ्या शाईत ‘लाल’ लिहून शाईचा रंग विचारायचा, हा स्ट्रूप यांचा १९३५चा प्रयोग त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. संगणकाच्या क्षेत्रात रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९७८ सालच्या ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात कून यांचा हवाला देऊन प्रोग्रॅमिंगचे पॅराडाइम ही कल्पना मांडली. तिथे मात्र एक पॅराडाइम दुसऱ्याला हाकलून देत नाही. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, फंक्शनल, प्रोसीजरल असे सगळे एकाच पायथन भाषेत गुण्यागोविंदानं नांदतात, आणि चांगला प्रोग्रॅमर कामाप्रमाणे निवड करतो. विकासाच्या अर्थशास्त्रात महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांची मदत घेऊन १९९० साली मानव विकास निर्देशांक आणला. देशाचं दरडोई उत्पन्न एकट्यानं मिरवत होतं, त्याच्या शेजारी आयुर्मान आणि शिक्षण येऊन बसलं. हक स्वतः याला पॅराडाइमच म्हणत. अर्थखाती अजून बहुतांशी वाढीच्या दरावरच चालतात, तेव्हा हा बदल अर्धामुर्धाच झालाय असं म्हणावं लागेल.

आता महाराष्ट्रातलं दुसरं उदाहरण, आणि हे जास्त बोचरं आहे. दख्खनचं पठार हे जुनं, कठीण, स्थिर खडकाचं. भूकंप व्हायचे ते हिमालयात, आसामात, कच्छात, अशी भूगोलाची शिकवण होती. १९६२पासून कोयना धरणात पाणी साठू लागलं आणि आसपासच्या गावांना बारीक धक्के जाणवू लागले, जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं. सव्वासहाच्या आसपास क्षमतेचा हा भूकंप होता. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली.

स्थिर पठारावर इतका मोठा भूकंप. कून यांच्या भाषेत ही विसंगती, म्हणजे जुन्या नमुन्यात न बसणारं कोडं. तिचं काय झालं पाहा. झिंबाब्वे-झांबियाच्या सीमेवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, चीनमधलं शिनफेंगज्यांग, या मोठ्या धरणांजवळही त्याच दशकात असेच भूकंप झाले होते. जलाशयातलं पाणी खडकांच्या भेगांत झिरपतं, तिथला दाब बदलतं आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, हे स्पष्टीकरण पुढे आलं आणि ते टिकलं. कोयना हे धरणामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं जगातलं सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं ठिकाण झालं. त्या भागात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकांची तपासणीही झाली आहे. हे सगळं उत्तम विज्ञान. १९७०मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलला आणि कोयनेचा परिसर चौथ्या झोनमध्ये गेला. पण या उत्तम स्पष्टीकरणाचा एक परिणाम असा झाला, की विसंगतीला तिची वेगळी खोली मिळाली. भूकंप धरणानं घडवला. पठार बाकी स्थिर ते स्थिरच. ‘आधीच ताणलेला खडक’ या तीन शब्दांकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. ताण कोयनेपुरताच कसा असेल?

लातूर-उस्मानाबादचा पट्टा नकाशावर सर्वांत सुरक्षित अशा झोन १मध्येच राहिला. १९९२च्या ऑक्टोबरापासून किल्लारीच्या लोकांना धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. भूकंपाची क्षमता कोयनेएवढीच, पण बळी आठ ते दहा हजारांच्या घरात. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद: उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरं झोपलेल्या माणसांवर बसली. झोन १मध्ये भूकंपाचा विचार करून घर बांधा असं कुणी कशाला सांगेल? काहींनी लगेच निम्न तेरणा धरणाकडे बोट दाखवलं. जुनी चौकट शेवटच्या क्षणापर्यंत ठिगळ शोधत असते ती अशी. आज सर्वसाधारण मत असं आहे, की भारतीय भूपट्ट हिमालयाशी रेटत असल्यामुळे पठाराच्या पोटातही ताण साठतो आणि जुन्या दुबळ्या जागी, फार क्वचित, तो मोकळा होतो. २००२ साली भारतीय मानक संस्थेनं झोन १ नकाशावरून काढूनच टाकला. म्हणजे भूकंपापासून पूर्ण निर्धास्त अशी जागा देशात उरली नाही.

कून यांचं सगळंच पटतं असं नाही. दोन पॅराडाइमांतल्या माणसांना एकमेकांचं म्हणणं नीट कळूच शकत नाही, असं ते कधीकधी सुचवतात. परळचा चिकट कागद मला याविरुद्धचा पुरावा वाटतो. घाणवाल्यांना आणि पिसूवाल्यांना त्या कागदावर एकच गोष्ट दिसली. जुना पॅराडाइम कायमचा पुसला जातो असंही नाही. उपग्रह सोडताना आजही न्यूटनचीच गणितं मांडतात.

कून यांच्या नावावर दोन तऱ्हेची माणसं जगतात, त्यांच्यापासून जपावं. पहिली, ‘सिमॉंलाही हसले होते, मलाही हसतात’ म्हणणारी. पाण्यावर चालणारी मोटार शोधलेले, सर्व रोगांवर एकच काढा देणारे यांत येतात. सिमॉंला हसले हे खरं, पण त्यानं काच, जाळी आणि दोन उंदीर अशी मांडणी जगापुढे ठेवली होती. कुणीही ती करून पाहावी आणि त्याला खोटं ठरवावं. काढेवाल्यानं आजवर तशी मांडणी दिलेली नाही.

दुसरी माणसं व्यवस्थापनाच्या शिबिरांत भेटतात. जोएल बार्कर या अमेरिकन वक्त्यानं पॅराडाइम हा शब्द कंपन्यांच्या जगात नेला आणि त्याबरोबर स्विस घड्याळांची गोष्टही फिरली: क्वार्ट्झ घड्याळ स्विसांनीच बनवलं, पण त्याची किंमत न कळून ते वाऱ्यावर सोडलं. खरी हकीकत अधिक शिकवणारी आहे. न्यूशातेलच्या घड्याळ-संशोधन केंद्रात १९६७मध्येच स्विस क्वार्ट्झ घड्याळाचे नमुने चालू झाले होते, आणि त्यांचं महत्त्व तिथल्यांना कळलेलं होतं. जपानच्या सैको कंपनीनं १९६९च्या नाताळला पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. स्विसांचे कारागीर, यंत्रं, शिकाऊ उमेदवारांचे अभ्यासक्रम, दुरुस्तीची दुकानं हे सगळं मात्र चक्रांच्या घड्याळाभोवती उभं होतं. डोक्यात नवं होतं, हात जुने होते. नव्वद हजारांच्या घरातल्या नोकऱ्या पंधरा-सोळा वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर आल्या.

तेव्हा एखाद्या कंपनीच्या पत्रकात, मंत्र्याच्या भाषणात किंवा नव्या ॲपच्या जाहिरातीत ‘पॅराडाइम शिफ्ट’ असं वाचलंत, तर बोलणाऱ्याला जरूर विचारा: उद्यापासून कोणतं काम बंद होणार? कोणाचं शिक्षण निकामी ठरणार? खर्चाचं कोणतं कलम खोडणार? तीनही प्रश्नांना ‘कोणतंच नाही’ असं उत्तर आलं, तर त्या जागी ‘बदल’ हा साधा शब्द वाचा आणि पुढे चला.